ही म्हणते, उसव

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिला आज दवाखान्यातून घरी आणलं. मला लिहायची सवय नाही. जन्मभर लिहिलं ते एवढंच, 'वॉशर बदलला, गळती बंद'. पण आता घरात माणूस असून उत्तर येत नाही, तेव्हा म्हटलं वहीशी बोलू. वही निदान तोंड फिरवत नाही.

उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणंही गेलं. नाकातून एक बारीक नळी घातली आहे, ती थेट पोटात उतरते. दूध, सूप, औषध, सगळं त्या वाटेनं. दवाखान्यातल्या बाई मला ती नळी धुवायला शिकवायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, माझा जन्म लोकांचे नळ आणि पंप दुरुस्त करण्यात गेला. नळीची भीती मला घालू नका." हिलाही तिथंच सांगून टाकलं, की बाकी मला काही येत नाही, पण तुझी नळी तुंबू देणार नाही. तिनं डोळे मिटले. दमली असणार.

खाट पुढच्या खोलीत टाकली, दार तेवढंच रुंद आहे. म्हणजे हिच्या वर्गातच. भिंतीवर खिळ्यांना भरतकामाच्या रिंगा, टोपलीत रंगीत दोऱ्यांच्या लड्या, खिडकीशी शिकणाऱ्यांच्या खुर्च्या. ज्यांनी कधी सुई धरली नाही, त्यांनाच ही शिकवायची. स्पर्धा नाही, परीक्षा नाही. दर रविवारी यायचं, रुमालाचा एखादा कोपरा भरायचा, गप्पा मारायच्या, घरी जायचं. मी आत बसून रेडिओ ऐकायचो आणि यांचं हसू रेडिओच्या वर जायचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ही बोलली!

दुपारी मी नळीतून दूध सोडत होतो. हिनं माझ्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "उसव."

माझ्या हातातलं दूध सांडलं. दिवसभराच्या सिस्टरला हाक मारली. (तिला मी घाईताई म्हणतो. ती पायातली चप्पल काढता काढता आत येते आणि पदर खोचता खोचता बाहेर जाते.) ती म्हणाली, "आजोबा, मीपण ऐकलं. उसव म्हणजे काय?"

तिला काय ठाऊक. या घरातला तो मोठा शब्द आहे. हिच्या वर्गात 'चुकलं' म्हणायला बंदी. एखादीचा टाका वाकडा गेला, की ही फक्त म्हणायची, "उसव." रागानं नाही, चहा घे म्हणावं तसं. उसवलं की कापड पुन्हा कोरं, त्यात लाजायचं काय, असं तिचं म्हणणं.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते, नोकरी सोडून दर आठवड्याला येता येत नाही. म्हणाली, "बाबा, पाणी नाही, बाबा नाही, माझं नाव नाही, आणि उसव?"

"अगं, मास्तरीण ती. मास्तरणीच्या तोंडून पहिला शब्द कुठला येणार?"

लेक हसली आणि मग फोनवर रडली. मी पण.

९ फेब्रुवारी, रविवार

दातांची डॉक्टरीण आली होती. हिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक काम करते आणि रविवारी इथं येऊन जाड सुईनं मोठमोठे टाके घालते. म्हणते, तेवढाच आराम. तिनं हिच्या डाव्या हातात सुई ठेवून पाहिली. हिनं बोटं उघडली आणि सुई गादीवर पडली. तीनदा तसंच.

मग मला सुचलं. हात चालत नाही पण नजर तर आहे, शब्दही आहे. मीच शिकतो! मी भरायचं, हिनं बघायचं आणि चुकलं की सांगायचं. शिकवायला एवढा एक शब्द पुरे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही? सुई म्हणजे पाना नव्हे."

"तुम्ही फक्त सुरुवात करून द्या."

सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना माझी जी तारांबळ उडाली, ती लिहिण्याजोगी नाही. नेढं इकडे, दोरा तिकडे, जीभ बाहेर. एवढ्या वर्षांत दोन इंची पाइपाला दोन इंची पाइप जोडताना कधी असा घाम फुटला नाही. धावदोऱ्याची एक ओळ घातली. सुई खाली, सुई वर, लहान मुलालाही येईल. माझी ओळ मात्र गल्लीतल्या कुत्र्यासारखी, वाटेल तिकडे वळलेली. रिंग हिच्यासमोर धरली. नळी जरा बाजूला घेऊन नीट दिसेलसं केलं.

"उसव," ही म्हणाली.

मी आणि डॉक्टरीणबाई टाळ्या पिटून हसलो. मी लगेच उसवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रोज दोनदा शाळा भरते. रोज उसव. धावदोरा उसव, टीप उसव. घाईताई म्हणते, "आजोबा, आजी मी अंग पुसतानापण उसव म्हणतात. दूध सोडतानापण."

मी म्हटलं, "तिच्यात आता एकच शब्द शिल्लक आहे, तर तो कुठंही येणार. गळक्या नळाला वेळकाळ असतो का?"

"पण आजोबा..."

"तू तुझं काम कर."

"मी सांगते ते म्हणजे नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे," म्हणाली आणि बादली घेऊन गेली. आमच्या घरात नळीवरच म्हण सापडावी तिला.

हो-नाही विचारून काही कळत नाही. ही दोन्हीला मान सारखीच हलवते. मी विचारलं, "मी तुझा नवरा आहे का?" मान हलली. "मी दूधवाला आहे का?" मान हलली. हसायला आलं, मग आलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट दिवस. मी अंगण झाडत होतो तेवढ्यात हिनं डाव्या हातानं नळी ओढून काढली. सगळी. नाकातून रक्त. पुन्हा घालायला दवाखान्यातला माणूस आला. ते बघवत नव्हतं, पण मी हिचं डोकं धरून उभा होतो, दुसरं कोण धरणार? हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मूर्खासारखा सांगत होतो, "झालं, झालं, बघ झालंच."

खाज सुटत असेल बिचारीला. मलाही नाकात काही राहिलं की हात जातो.

डॉक्टर म्हणाले, डावा हात मोकळा ठेवू नका. मऊ कापडाची पिशवी घालायची, मनगटाशी नाडीनं बांधायची, म्हणजे बोटांना काही धरता येत नाही. घाईताईनं जुन्या चादरीची शिवून दिली. बांधताना ही माझ्याकडे बघत होती. मी नाडी सैल बांधली. मग घट्ट केली.

१६ फेब्रुवारी, रविवार

ती पांढरी पिशवी डोळ्यांत खुपते. हात मोडल्यासारखा दिसतो. म्हणून डॉक्टरीणबाईंना म्हटलं, हिच्यावर काहीतरी भरू. निदान बघायला बरं वाटेल. त्यांनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, "काका, फूल सोपं पडेल. पाच पाकळ्या, साखळी टाक्याच्या."

एकेक पाकळी म्हणजे एकेक साखळीची कडी. दोरा वळवायचा, अंगठ्याखाली दाबायचा, सुई त्याच भोकातून घालायची, वळशातून वर काढायची. हे मला जमलं! वळसा घालणं म्हणजे नळाच्या आट्यांवर धागा गुंडाळण्याचंच काम. पिवळा मध्य, तांबड्या पाकळ्या. माझं पहिलं पुरं झालेलं काम. संध्याकाळी पिशवी हिच्या हातावर चढवली, नाडी बांधली, आणि म्हटलं, "बघ, तुझ्या शिष्यानं काय केलं."

हिनं बराच वेळ फुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. हात उचलून माझ्या तोंडापर्यंत आणला, पिशवीसकट.

"उसव. उसव. उसव."

तीनदा कधी म्हणाली नव्हती. एक पाकळी लहान पडली आहे, हे मलाही दिसत होतं. पण हिची नजर अशी तीक्ष्ण! मी पिशवी काढली, फूल उसवलं, आणि पिशवी पुन्हा बांधली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फूल पुन्हा भरलं. उसव. पुन्हा उसवलं. कापडाला भोकं पडली आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज डॉक्टरीणबाईंनी वर्ग घेतलाच नाही. हिच्यापाशी बसून राहिल्या, पिशवी बांधलेला हात मांडीवर घेऊन. जाताना मला दारापर्यंत बोलावलं.

"काका, काकूंना नक्की काय उसवायचंय, विचारलंत कधी?"

"दर रविवारी बघता ना तुम्ही? माझे टाके."

"फक्त टाकेच?"

बाई शिकलेली आहे, आडून बोलते. पण विचारणं चुकीचं नाही असं वाटलं. म्हणून दुपारी मी आतापर्यंतचे सगळे तुकडे काढले. धावदोऱ्याचा रुमाल, टिपेची ओळ, पुस्तकात ठेवायची पट्टी, तिच्यावरचा अर्धा देठ, उशीच्या अभ्र्याचा कोपरा. सगळे पांघरुणावर ओळीनं मांडले. एकेकावर बोट ठेवून विचारलं, "हे उसवू? हे? की हे?"

ही त्यांच्याकडे बघेचना. कात्री सापडत नाही म्हणून मी घरभर शोधत होतो, ती माझ्याच खिशात, काखेत कळसा. परत आलो तर ही डोळे मिटून होती आणि कानापर्यंत ओली झाली होती. मी सगळं गोळा केलं.

एकदा मनात आलं की... नको ते मनात येतं माणसाच्या. लिहीत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. भला माणूस, घाई करत नाही. म्हणाले, गिळणं परत यायची आशा आता नाही. नाकातली नळी अशी कायम ठेवता येत नाही. पोटाला छोटं भोक पाडून तिथूनच नळी बसवायची. मग कितीही वर्षं चालेल.

मी विचारलं, "आणि नाही बसवली तर?"

"तर ही पण काढायची. ओठ ओले ठेवायचे, चमच्यानं जे दोन थेंब जातील ते द्यायचे. दुखणार नाही एवढं मी बघेन. मग जितके दिवस जातील तितके."

मग त्यांनी विचारलं, "त्यांनी आधी कधी काही बोलून ठेवलं होतं? अशा वेळी त्यांना काय हवं असेल?"

मी म्हटलं, "नाही हो. असल्या गोष्टी आम्ही कधी बोललो नाही. आता तिचं बोलणं एकच, भरतकामाचं."

"म्हणजे?"

मी सांगितलं. डॉक्टर हिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आणि लेक मिळून ठरवा. दोन्हीपैकी काहीही ठरवलंत तरी मी तुम्हाला चूक म्हणणार नाही."

असं कोणी म्हटलं की माणसानं जायचं कुठं? चूक म्हणणारा असता तर त्याच्यावर ढकलता आलं असतं.

२ मार्च, रविवार

लेक आली. स्वयंपाकघरात बसलो, दार लोटून.

"बाबा, यात विचार कसला? नाही म्हटलं तर आईला उपाशी मारल्यासारखं नाही का?"

"डॉक्टर तसं नाही म्हणाले."

"डॉक्टर जातील घरी. आयुष्यभर मला झोप लागायला हवी ना?"

मी म्हटलं, "तिला काय वाटत असेल?"

"तुम्हीच सांगताय ना रोज फोनवर? आज आईनं देठ नापास केला, आज पान नापास केलं. जिला एवढी हौस उरलीय, तिला जगायचं नाही असं कसं म्हणता?"

हे बरोबर होतं. मीच सांगत होतो. माझाच शब्द मला परत मिळाला.

घाईताई भांडी घासत होती, पाठमोरी. म्हणाली, "ताई, आजी पान बघून नाही म्हणत ते."

लेक म्हणाली, "मग काय बघून?"

घाईताईनं नळ मोठा सोडला. तिला या घरातलं काम टिकवायचं आहे, आणि मी तिला एकदा 'तू तुझं काम कर' म्हटलेलं आहे. मी पण पुढे विचारलं नाही. का विचारलं नाही, माहीत नाही. लेकीचा चेहरा हिच्यासारखा दिसतो, रडताना तर फारच. तिच्यासमोर मला दुसरं काही म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "बसवू या नळी."

लेक माझ्या गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी.

हिला मीच जाऊन सांगितलं. "आता नाकातली नळी निघणार बरं का. हातावरची पिशवी पण निघणार." हिचा चेहरा एकदम उजळला. खरंच उजळला, मी खोटं लिहीत नाही. डाव्या हातानं, पिशवीसकट, माझा हात धरायला बघत होती. मग मी पुढचं सांगितलं.

६ मार्च, गुरुवार

काल झालं. सगळं नीट झालं म्हणतात. मी बाहेर बाकावर बसून पुस्तकाच्या पट्टीवरचा देठ भरत होतो, कारण हातांना दुसरं काय देणार? समोरच्या बाई म्हणाल्या, "अय्या, आजोबा भरतकाम करतात!" मी म्हटलं, "शिकतोय."

९ मार्च, रविवार

घरी आणलं. नाक मोकळं झालं, चेहरा पुन्हा हिचा दिसायला लागला. पोटावर पट्टी, तिच्यातून नळी. पट्टी बदलताना बघितलं, नळी हलू नये म्हणून कातडीला दोन टाके घातले आहेत. काळा दोरा, सारखे, बारीक. डॉक्टरचा हात चांगला आहे.

हिनं मान उचलून खाली बघितलं. पहिल्यांदाच बघत होती. मग वर माझ्याकडे.

"उसव," म्हणाली. फार हळू.

मी म्हटलं, "अगं, हे माझे टाके नाहीत. डॉक्टरांचे आहेत."

घाईताई हसेल असं वाटलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून पट्टीचा कागद घडी घालत बसली. एवढासा कागद, किती घड्या घालायच्या त्याला.

१० मार्च, सोमवार

नळी साफ चालते. अडथळा नाही.

१४ मार्च, शुक्रवार

हिच्या हातावर आता पिशवी नाही. नळी पोटाला बांधलेल्या पट्ट्याखाली असते, ओढायची भीती नाही. हात मोकळा करून चादरीवर ठेवला. ठेवला तिथंच असतो. मी उचलून माझ्या गालाला लावला तर लागतो. सोडला की पडतो.

शाळा भरवतो मी रोज. हिनं परवापासून काही म्हटलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार

पुस्तकात ठेवायची पट्टी पुरी झाली. देठ टाक्यानं देठ, दोन पानं, वर पाच पाकळ्यांचं फूल. डॉक्टरीणबाईंना दाखवायला घेऊन गेलो, त्यांच्या दवाखान्यात, दोन रुग्णांच्या मधे. त्यांनी उलटी बाजूही बघितली. गाठी लपलेल्या, दोरे ओढलेले नाहीत.

"काका, पास," म्हणाल्या. आणि मास्क वर ओढून घेतला.

घरी येऊन हिला दाखवली. हिनं बघितली. काही म्हणाली नाही. घाईताई म्हणाली, "आजी गप्प म्हणजे पास, आजोबा." ती आज घाईत नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "वा बाबा! बघा, शेवटी आईनं मान्य केलं." मी हो म्हटलं.

२३ मार्च, रविवार

डॉक्टर येऊन गेले. तब्येत उत्तम म्हणाले. वजन वाढलं आहे. शब्दाचं विचारलं, तर म्हणाले, आलेली वाचा कधी कधी जाते, कारण सांगता येत नाही.

त्यांनी मला चूक म्हटलं नाही. दिला शब्द पाळला.

दुपारी घरात कोणी नव्हतं. मी नवा कोरा रुमाल रिंगेत ताणला आणि हिच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. पहिला टाका लांब घातला. दुसरा आखूड. तिसरा आखलेली रेघ सोडून पार बाहेर. असं काम या खोलीत कोणी केलं असतं, तर हिनं चहाचा कप खाली ठेवला असता. रिंग हिच्या डोळ्यांपुढे धरली. हिनं बघितली.

मग मी गाठ मारली, ती मागं नाही, पुढेच. जाड, आंधळ्यालाही लागेल अशी. तिच्याशेजारी दुसरी.

म्हटलं, "आता तरी म्हण ना गं. या वेळेला कुठला टाका ते विचारणार नाही मी. तू म्हण फक्त."

हिची नजर रिंगेवरून माझ्या तोंडावर आली. तिथं काही वेळ राहिली. राग नव्हता तिच्यात. राग असता तर बरं झालं असतं. मग ती नजर खिडकीकडे गेली, बाहेर काही नव्हतं तिकडे.

मी रिंग खाली घेतली आणि पुढचा टाका घातला, वाकडा.